येऊरच्या आड जाणारा मृग

चैत्र शुद्ध तृतीया, रात्रीचे पावणेबारा

येऊरच्या डोंगराआड उतरणाऱ्या मृगाच्या ताऱ्यांच्या रेघा टिपायला आज ठाण्याच्या उपवन तलावावर दुसऱ्यांदा गेले आणि आज जमलं. झोप येणार नाही म्हणून लिहायला बसले आहे.

पहिला प्रयत्न पाडव्याच्या आदल्या रात्रीचा. अमावास्या, त्यामुळे चंद्राचा अडथळा नाही, हवाही स्वच्छ. पाऊण तास कॅमेरा लावून बसले होते. घरी येऊन सगळे फोटो एकावर एक चढवले, तर ताऱ्यांच्या रेघा सलग नाहीतच, धावदोरा घातल्यासारख्या तुटक. कारण सापडायला दोन दिवस लागले. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले नको ते ठिपके पुसणारी सोय) चालू राहिलं होतं. ते चालू असलं की १५ सेकंदांच्या प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा डोळा मिटून आणखी १५ सेकंद नुसता काळोख टिपतो. तेवढ्यात तारे पुढे गेलेले असतात. तासाला १५ अंश हा आकाशाचा वेग, तो कुणासाठी थांबत नाही.

तेव्हापासून जीव टांगणीला होता. तारे रोज ४ मिनिटं आधी मावळतात. एप्रिलमध्ये अंधार पडतो तेव्हाच मृग पश्चिमेला कललेला असतो, आणि उपवनच्या पूर्वेकडच्या काठावर उभं राहिलं की समोर येऊरचा डोंगर. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण १० अंश झाकते, हे वांगणीला खगोल मंडळाच्या आकाशदर्शनात शिकले होते. डोंगर जवळजवळ एक मूठ भरतो. म्हणजे खऱ्या मावळतीच्या चाळीसेक मिनिटं आधीच मृग आड जाणार. त्यात चंद्र रोज वाढत मृगाकडे सरकतोय. आता चुकलं असतं तर पुढच्या चैत्रापर्यंत थांबावं लागलं असतं.

सासूबाईंनी सकाळीच चैत्रगौर झोपाळ्यात बसवली. दिवसभर घरात कैरीचा वास होता. निघताना त्यांनी पन्ह्याची बाटली पिशवीत टाकली आणि एवढंच म्हणाल्या, "आज नीट बघून घे गं सगळं."

बघून घेतलं. नॉइज रिडक्शन बंद. ऑटोफोकस बंद. व्याधाच्या ठळक ताऱ्यावर कॅमेरा रोखून स्क्रीनवर तो दहापट मोठा केला आणि फोकसची रिंग केसभर केसभर फिरवत राहिले. फुगलेला पांढरा ठिपका आकसत आकसत टाचणीच्या टोकाएवढा झाला, तिथे रिंगला चिकटपट्टी लावली. आयएसओ ४००, अ‍ॅपर्चर ४. याहून जास्त उजेड आत घेतला की रस्त्यावरच्या दिव्यांनी आकाश दुधाळ होऊन जातं. पावणेनऊला पहिला फोटो, मग एकेका सेकंदाच्या अंतराने आपोआप पुढचे.

मला नेहमी सांगितलं जातं की ठाण्यात कुठलं आलंय आकाश, भंडारदऱ्याला जा. गेले आहे. तिथल्या जलाशयावर आकाशगंगा पाहून डोळे भरून आले होते, ते मी विसरणार नाही. पण म्हणून इथलं आकाश संपलेलं नाही. मृगाचे चारही पाय, पोटातला बाण, काक्षी ताऱ्याचा तांबूसपणा, राजन्य ताऱ्याचा निळसर लखलखाट, हे सगळं माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. ज्या डोंगराकडे बघत मी रोज कपडे वाळत घालते, त्याच डोंगरामागे हे तारे उतरतात. मला तोच फोटो हवा होता.

फेरी मारायला आलेले एक आजोबा ट्रायपॉडपाशी थांबले. "काय टिपताय, बाई?"

"मृग. तो बघा, तीन तारे ओळीत."

त्यांनी चष्मा सारखा केला, बराच वेळ पाहिलं. "आम्ही देवगडकडचे. आमचा मृग जूनमध्ये लागतो, पेरणीला. हा आत्ता कसा?"

सांगितलं, की जूनच्या ७-८ तारखेला सूर्यच मृग नक्षत्रात जातो, म्हणून आपण मृग लागला म्हणतो. तेव्हा हे तारे सूर्यासोबत दिवसाच उगवतात आणि मावळतात, म्हणून दिसत नाहीत.

ते डोंगराकडे बघत म्हणाले, "म्हणजे हा पाऊस आणायलाच चाललाय."

मी काहीच बोलले नाही. नक्षत्रांची इतकी पुस्तकं वाचली, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. पन्हं अर्धं अर्धं करून प्यायलो.

साडेनऊच्या सुमाराला वारा पडला. काठावरच्या दिव्यांचे लांब पट्टे पाण्यात स्थिर झाले आणि त्यांच्यामध्ये डावीकडे एक बारीक ठिपका उमटला. मान वर करून खात्री केली. व्याधच होता. उपवनच्या पाण्यात तारा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. दोन-तीन मिनिटांत पुन्हा तरंग आले आणि तो विस्कटला.

चंद्रकोर कृत्तिकांच्या जवळून डोंगरामागे गेली, मग रोहिणी. दहा वाजायच्या आत राजन्य झाडांच्या शेंड्यांना टेकला. मृग आणि त्याच्यामागच्या शिकाऱ्याच्या, व्याधाच्या, जुन्या गोष्टीत असतं त्याच क्रमाने सगळे निघाले होते, पुढे रोहिणी, तिच्यामागे मृग, आणि सगळ्यांत मागे, अजून बराच वर, व्याध. आजोबा केव्हाच घरी गेले होते. कॅमेऱ्याचा खटका ऐकत मी एकटीच उभी होते.

२८० फोटो झाले. एकात विमानाची रेघ आहे, ती ठेवणार आहे.

घरी आले तेव्हा सासूबाई गौरीपुढच्या समईत तेल घालत होत्या. लॅपटॉप तिथेच जमिनीवर उघडला. येऊरच्या काळ्या कडेवर तिरक्या उतरलेल्या रेघा, या वेळी सलग, कुठेही टाका तुटलेला नाही. त्यांनी स्क्रीनजवळ वाकून एका रेघेवर बोट ठेवलं.

"ही एकटीच केशरी कशी गं?"

"ती काक्षी, आई. तिचा रंगच तसा आहे."