ढिली ताडपत्री

परवा रात्री झोपेचं पार खोबरं झालं. जिंतूर रोडला आमचं शेत आहे, सोयाबीन काढून गंजी लावलेली, मळणीयंत्रवाल्याचा नंबर यायला अजून दोन दिवस, त्यात आभाळ भरून आलेलं म्हणून गंजीवर ताडपत्री टाकली अन् आखाड्यावरच बाज टाकून झोपलो, तर बारानंतर वारं सुटलं. फडफड फडफड फाट्. परत फडफड. उठून बसलो तर अंधारातून आबा, "कामून उठलास? ढिली हाय म्हणून वाजायली ती. दोरी ताण अन् झोप."

गंमत म्हणजे वारा काही झटके देत नव्हता, एकसारखा वाहत होता. ठेका सगळा ताडपत्रीचा. कापड जरा फुगलं की वरून जाणारी हवा जोरात पळते, तिथला दाब कमी होतो, कापड अजून वर ओढलं जातं, मग दोरी त्याला मागं खेचते, येताना ते जरा जास्तच खाली जातं, आणि दर फेरीत वाऱ्याकडून थोडी ताकद उचलत राहतं. याला फ्लटर म्हणतात.

पॉलिटेक्निकला असताना सरांनी अमेरिकेतल्या टॅकोमा नॅरोज पुलाची फिल्म दाखवली होती. झुलता पूल, १ जुलै १९४० ला चालू झाला अन् ७ नोव्हेंबरला पाण्यात. वारा ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडं वळवाच्या आधी सुटतो तसाच. सर म्हणाले रेझोनन्स, म्हणजे वाऱ्याच्या झटक्यांचा ठेका पुलाच्या ठेक्याशी जुळला, आम्ही तेच पेपरात लिहून मार्क घेतले. लई वर्षांनी कळलं की वारा कुठल्याच ठेक्यात येत नव्हता, पूलच पिळवटत होता अन् एका पिळ्यातून पुढचा पिळा वाढत होता. माणूस एकही गेला नाही, गाडीत अडकलेलं एक कुत्रं तेवढं गेलं. मला पुलापेक्षा ते कुत्रंच जास्त आठवतं.

शेतावरून गेलेल्या टॉवरलाईनचं प्रकरण वेगळं. वारा तारेला ओलांडताना तिच्यामागं एकदा वर, एकदा खाली असे भोवरे सोडत जातो अन् तार थरथरते, नुसत्या डोळ्यांना पटकन कळतही नाही, पण वर्षानुवर्षं थरथरून क्लॅम्पपाशी तिचे पदर तुटायला लागतात. म्हणून टॉवरजवळ तारेला छोटे डंबेल लटकवतात, स्टॉकब्रिज डॅम्पर, ते स्वतः हलून तारेची थरथर खातात. लहानपणी मला वाटायचं ते कावळे हुसकायला आहेत.

शेवटी उठलोच. मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून दोरी ताणली, धुऱ्यावरचे दगड आणून कडेनं ठेवले, फडफड बंद. बाजेवर येऊन पडलो तर बारीक गुणगुण ऐकू यायली. ताणलेली दोरी! तेच भोवरे, फक्त दोरी तारेपेक्षा बारीक म्हणून ते भराभर सुटणार अन् आवाज कानाला लागणार. म्हटलं आबांना सांगावं, तर ते घोरायले होते.