टॉम काढून ठेवल्यावर

पायाने वाजणारा मोठा बेस ड्रम, खालून तारा लावलेला स्नेअर ड्रम, पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी म्हणजे हाय-हॅट, आणि लय धरायची एक राइड झांज एवढ्याच मांडणीवर मी आता बहुतेक सगळे वाजवते. टॉम, म्हणजे तारा नसलेले गोल नादाचे ड्रम, एकही नाही आणि ठळक आघातासाठीची वेगळी क्रॅश झांजही नाही. ही मांडणी पाहिली की इतर ड्रमवादकांना आधी सामान उचलण्याची आणि लावण्याची सोय आठवते. ती सोय आहे हे खरेच, पण केवळ तेवढ्यासाठी कोणी आपल्या वाद्याचा अर्धा भाग कायमचा बाजूला ठेवणार नाही. कमी वाद्ये समोर असली की मला अधिक सुचते, हे माझे खरे कारण आहे, आणि तसे का होते हे इथे नीट मांडून पाहायचे आहे.

एक खुलासा आधी केलेला बरा. बाजारात ‘कॉम्पॅक्ट’ म्हणून मिळणाऱ्या किटमध्ये, म्हणजे ड्रमच्या संचात, बेस ड्रम २२ इंचांऐवजी १६ किंवा १८ इंचांचा असतो, टॉमही लहान असतात, पण वाद्यांची संख्या तेवढीच राहते. असे किट लहान असते, पण त्यावर वाजवताना हाताला नेहमीचेच रस्ते मिळतात, त्यामुळे विचार करण्याची पद्धत बदलत नाही. मी ज्याबद्दल लिहिते आहे त्यात आकार कसाही असो, वाद्ये मोजकी असतात.

फरक सर्वांत आधी कळतो तो फिल, म्हणजे गाण्याचे दोन भाग जोडणारा छोटा तुकडा, वाजवताना. पाच ड्रमच्या किटवर फिलचा मार्ग जणू आखूनच दिलेला असतो: स्नेअरवरून पहिल्या टॉमवर, तिथून दुसऱ्यावर, मग जमिनीवर उभ्या, सर्वांत खोल फ्लोअर टॉमवर आणि शेवटी समेवर क्रॅश. प्रत्येक ड्रमवर सारख्याच वजनाचे चार आघात वाजवले तरी स्वर खाली उतरत जातो, आणि त्या उतारामुळे ऐकणाऱ्याला काहीतरी पूर्ण झाल्यासारखे वाटते. तेच सोळा आघात एकट्या स्नेअरवर वाजवून पाहावेत. ते इतके सपाट लागतात की दुसऱ्यांदा तसे वाजवण्याची इच्छा होत नाही. स्वराचा उतार हाती नसल्यामुळे फिलला आकार द्यायचा तर तो लयीतून आणि वजनातूनच द्यावा लागतो. कुठला आघात ठळक आणि कुठला जेमतेम ऐकू येईल असा, कुठली जागा रिकामी सोडायची, कुठला तुकडा हातातून काढून बेस ड्रमच्या पायाकडे द्यायचा, हे दर वेळी ठरवावे लागते. पुष्कळदा असेही लक्षात येते की त्या ठिकाणी फिलची गरजच नव्हती. एका आवर्तनापुरता बेस ड्रम थांबवला तरी पुढचा भाग तेवढ्याच जोरकसपणे सुरू होतो.

वाद्ये कमी केली म्हणजे नादही तेवढेच कमी झाले, असे मात्र होत नाही. साध्या १४ इंची स्नेअरकडे नीट पाहिले तर त्यात बरेच काही दडलेले असते. हेडच्या, म्हणजे ड्रमवर ताणलेल्या पडद्याच्या, मधोमध मारले तर नाद कोरडा आणि आखूड येतो. काठीचे टोक कडेकडे सरकवत नेले की तो पातळ होत जातो आणि त्यात घुमारा वाढतो. हेड आणि रिम, म्हणजे हेडभोवतीचे कडे, यांवर एकाच क्षणी मारले की रिम शॉटचा कडाड असा आवाज येतो. काठी हेडवर आडवी टेकवून तिचे एक टोक रिमवर आपटले की क्रॉस-स्टिकची लाकडी टकटक मिळते. काठी किंचित दाबून हेडवर थरथरू दिली की बझ रोल तयार होतो. आणि बाजूचा खटका खाली केला की खालच्या हेडला चिकटलेल्या तारा सुटतात व त्याच ड्रममधून टॉमसारखा गोल, उघडा नाद येऊ लागतो. दोन ओळींच्या मध्ये डावा हात क्षणभर मोकळा असेल तर हा खटका वाजवता वाजवता खाली-वर करता येतो, आणि गाण्याचा एखादा भाग पूर्णपणे वेगळ्या रंगात वाजवता येतो. किटवर टॉम असताना हा खटका मी फक्त किट आवरताना वापरत असे.

हाय-हॅटबद्दल तर स्वतंत्रपणे लिहावे एवढे आहे. काठीच्या टोकाने वरच्या पृष्ठभागावर वाजवणे आणि काठीच्या जाड भागाने कडेवर वाजवणे ही जवळजवळ दोन वेगळी वाद्ये आहेत. त्यातून डाव्या पायाचा दाब थोडा कमी-जास्त केला की दोन झांजांमधले अंतर बदलते आणि बंद, अर्धवट उघडा, पूर्ण उघडा असे किती तरी नाद मधे मिळत जातात. शिवाय नुसत्या पायाने झांजा मिटल्या तर ‘चिक’ असा आवाज येतो, आणि पाय आपटून लगेच उचलला तर त्या एकमेकींवर उघड्या वाजतात. मला सर्वांत मोलाची वाटते ती नादाच्या लांबीवरची सत्ता. बेस ड्रम किंवा स्नेअर वाजला की त्याचा नाद किती टिकावा हे पुढे फारसे आपल्या हातात राहत नाही. हाय-हॅट उघडा वाजवला तर तो नेमका कुठे मिटायचा हे मात्र पाय ठरवतो. चौथ्या मात्रेच्या मध्यावर उघडून नेमका समेवर मिटलेला हाय-हॅट आणि समेच्या किंचित आधी मिटलेला हाय-हॅट यांतला फरक इतका स्पष्ट असतो की संपूर्ण ठेक्याची चाल बदलते. समोर सहा-सात वाद्ये असताना एवढ्या बारीक गोष्टीवर कान टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. पॅराडिडल हा ड्रम शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हाताखालून जाणारा अभ्यास. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या संस्थेच्या ४० रूडिमेंट्सपैकी, म्हणजे हातांच्या मूलभूत अभ्यासांपैकी, हा एक. हातांचा क्रम असा: उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. आता उजवा हात बंद हाय-हॅटवर आणि डावा स्नेअरवर ठेवावा, आणि एका मात्रेत चार आघात या हिशेबाने हे आठ आघात दोन मात्रांत बसवावेत. पाचवा आघात, म्हणजे दुसऱ्या मात्रेची सुरुवात, डाव्या हाताकडे येतो. तेवढा रिम शॉटने ठळक वाजवायचा. डाव्या हाताचे बाकीचे आघात, म्हणजे दुसरा, सातवा आणि आठवा, काठी हेडपासून जेमतेम इंचभर उचलून अगदी हलके वाजवायचे. यांनाच घोस्ट नोट्स म्हणतात. पहिल्या मात्रेवर बेस ड्रम दिला की पाठ्यपुस्तकातला एक कोरडा अभ्यास झुलणारा ठेका होऊन बसतो. याच क्रमाची सुरुवात सहाव्या आघातापासून केली तर हात उजवा-डावा-डावा-उजवा, डावा-उजवा-उजवा-डावा असे पडतात. दुसऱ्या मात्रेवर डावा हातच येतो, त्यामुळे ठेक्याचा कणा तोच राहतो, पण हलके आघात आता दुसऱ्या, तिसऱ्या आणि आठव्या जागी गेलेले असतात आणि चाल एकदम पुढे झुकल्यासारखी वाटते. बेस ड्रमची जागा बदलली की आणखी एक ठेका, हाय-हॅटचा एखादा आघात उघडा ठेवला की आणखी एक. यात नवीन वाद्य एकही आलेले नाही.

हिशेबच करायचा तर चार मात्रांच्या आवर्तनात सोळा जागा असतात. प्रत्येक जागी बेस ड्रम वाजेल किंवा वाजणार नाही, एवढाच पर्याय धरला तरी ६५,५३६ मांडण्या होतात. त्याच सोळा जागांवर स्नेअरही स्वतंत्रपणे धरला तर हा आकडा चार अब्जांच्या पुढे जातो. त्यांतल्या बहुसंख्य मांडण्या कानाला नको वाटतील हे उघड आहे, आणि आकड्याने संगीत होत नाही. परंतु दोन ड्रम म्हणजे लवकर संपणारी गोष्ट, हा समज दूर करायला तो पुरेसा आहे. तबल्याशी परिचय असलेल्यांना यात काही नवल वाटणार नाही. कायदा या तबल्यातल्या रचनेचा विस्तार करताना मूळ कायद्यातलेच बोल वापरायचे असे बंधन असते, आणि त्या बंधनातूनच पलट्यांमागून पलटे, म्हणजे त्याच बोलांच्या नव्या मांडण्या, निघत जातात. मोजक्या किटवर बसले की मला माझे काम त्याच जातीचे वाटते.

ड्रमसेटच्या इतिहासातही हाच धागा दिसतो. सुरुवातीला बेस ड्रम, स्नेअर आणि झांज वाजवायला वेगवेगळी माणसे असत. नंतर एकच वादक बेस ड्रम आणि स्नेअर दोन्ही काठ्यांनीच वाजवू लागला. १९०९ मध्ये शिकागोच्या लुडविग बंधूंनी पायाने चालणारे चांगले पेडल बाजारात आणले आणि हात मोकळे झाले. त्या मोकळ्या हातांसाठी पुढच्या दोन दशकांत किटभोवती लाकडी ठोकळे, घंटा, चिनी टॉम आणि चिनी झांजा यांची मोठी गर्दी जमली. म्हणजे जुने किट साधे होते आणि पुढे ते वाढले, असा सरळ प्रवास नाही. १९३० च्या दशकात काउंट बेसी यांच्या जॅझ वाद्यवृंदात ड्रमवादक जो जोन्स यांनी लय धरण्याचे काम हाय-हॅटकडे सोपवले. १९४० च्या सुमारास ड्रमवादक केनी क्लार्क यांनी ते राइड झांजेवर नेले, त्यामुळे बेस ड्रम प्रत्येक मात्रा ठोकण्यातून सुटला आणि मधूनच अनपेक्षित आघात देऊ लागला. जॅझमधले हे दोन मोठे बदल वाद्ये वाढवून झाले नाहीत. आधीपासून असलेल्या वाद्यांची कामे बदलली आणि संगीताची चाल बदलली.

पुढच्या काळातली उदाहरणेही बोलकी आहेत. १९६९ मध्ये फंक गायक जेम्स ब्राउन यांच्या एका ध्वनिमुद्रणात क्लाइड स्टबलफिल्ड यांनी वाजवलेला ड्रमचा तुकडा आणि त्याच वर्षी ग्रेगरी कोलमन यांनी वाजवलेला चार आवर्तनांचा तुकडा हिपहॉप व इलेक्ट्रॉनिक संगीतात असंख्य वेळा उचलला गेला. दोन्ही तुकड्यांचा सगळा डोलारा बेस ड्रम, स्नेअर आणि झांजांवर उभा आहे. स्टबलफिल्ड यांचे हलके आघात इतके जिवंत आहेत की ते ऐकताना मला आजही वाजवणे थांबवावेसे वाटते. रोलिंग स्टोन्स या बँडचे चार्ली वॉट्स जन्मभर चार ड्रमच्या किटवर वाजवत राहिले, आणि स्नेअरवर ठळक आघात देताना उजवा हात हाय-हॅटवरून उचलून घेण्याची त्यांची लकब होती. त्या एका न वाजवलेल्या आघातामुळे त्यांचा स्नेअर एकटा, उघडा ऐकू येतो. व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडच्या मॉरीन टकर तर बेस ड्रम आडवा ठेवून, उभ्याने, मऊ डोक्याच्या मॅलेट काठ्यांनी वाजवत असत आणि झांजांना फारसा हात लावत नसत. ड्रमवादनातला हा विचार मला फार आवडतो, कारण त्यात काय वगळायचे हे वादकाने स्वतः ठरवलेले आहे.

ब्रशबद्दल, म्हणजे काठीऐवजी वापरायच्या तारांच्या झुबक्याबद्दल, थोडक्यात सांगते. ड्रमचा आघात क्षणात संपतो, पण ब्रशच्या तारा स्नेअरच्या खडबडीत हेडवर फिरवल्या की अखंड, सळसळता नाद मिळतो. मोजक्या किटवर जी लांब नादाची उणीव भासते ती बरीचशी इथे भरून निघते. मात्र हेडवर पांढरा खरखरीत लेप हवा. गुळगुळीत पारदर्शक हेडवर ब्रश घसरतो आणि काहीच ऐकू येत नाही.

टॉम निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. १९३० च्या दशकात जॅझ ड्रमवादक जीन क्रूपा यांनी फ्लोअर टॉमवर जे उभे केले ते दुसऱ्या कशावरही उभे राहिले नसते. टॉमच्या खोल घुमणाऱ्या ठेक्यावर ज्या गाण्याची सगळी भिस्त आहे, ते गाणे वाजवताना मी हट्टाने स्नेअरच्या तारा सोडून काम भागवत नाही; फ्लोअर टॉम आणते आणि वाजवते. साधेपणाला सद्गुणाचा दर्जा देऊन मोठ्या किटला नावे ठेवण्याची जी पद्धत अधूनमधून दिसते, ती मला पटत नाही.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी मांडणीच्या दोन-तीन गोष्टी. बेस ड्रमवरचा टॉम काढला की जी जागा मोकळी होते तिथे राइड झांज खाली, अगदी हाताशी घ्यावी. खांदा उचलावा लागत नाही आणि काठीचे टोक झांजेवर कुठे पडते आहे ते दिसते. राइड फार जाड नसावी. २० इंची पातळसर झांज टोकाने वाजवली तर लय धरते आणि काठीच्या जाड भागाने कडेवर मारली तर क्रॅशचे काम करते. बेस ड्रम नेहमीपेक्षा थोडा वरच्या स्वरात लावून पाहावा, कारण टॉम नसल्यामुळे मधल्या पट्टीतला तो एकच ड्रम उरतो; बीटर, म्हणजे पेडलचा ठोका, हेडवर दाबून ठेवला की त्याचा नाद आखूड येतो आणि लगेच मागे येऊ दिला की घुमतो, हे दोन्ही मुद्दाम वापरता येतात. टॉम गेल्यामुळे स्नेअर वाजताच त्यांचे जे नकळत घुमणे सुरू होत असे तेही थांबते, त्यामुळे घोस्ट नोट्स अधिक स्वच्छ ऐकू येतात, आणि त्याचबरोबर डाव्या हाताचा कच्चेपणाही. सध्या माझा बराचसा सराव त्या डाव्या हातावर आणि डाव्या पायावरच चालला आहे: उजव्या हाताने राइड, पायाने हाय-हॅट प्रत्येक मात्रेच्या मध्यावर मिटायचा, आणि डाव्या हाताचे हलके आघात आवर्तनागणिक एकेक जागा पुढे सरकवत न्यायचे. मेट्रोनोम ६० वर लावला की हे सर्वांत कठीण जाते.