बिस्किटांच्या डब्यातले मणी : आठ महिन्यांची नोंद

मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत सासूबाईंच्या ट्रंकेतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. आत तुटलेल्या माळांचे मणी, काळ्या पोतीचा गुंता, चार गुंजा, शर्टाची बटणं आणि एक भोकाचा पैसा. मी तो बाहेर काढून ठेवला होता, कुणाला तरी देऊन टाकू म्हणून. आमचा बारका, वय नऊ, तो डबा घेऊन जो जिन्यात बसला तो जेवायलाच उठला.

आज आठवा महिना. वहीत १४३ मणी आहेत. त्यांतले ५८ ओळखलेले, ३७ ‘बहुतेक’ आणि ४८ ‘माहीत नाही’. पहिल्या महिन्यात ‘माहीत नाही’ असा रकानाच नव्हता. तेव्हा सगळं ओळखू येत होतं! लाल म्हणजे पोवळं, पांढरं म्हणजे मोती, हिरवं म्हणजे पाचू. सासूबाई हसून म्हणायच्या, “एवढा पाचू असता तर मी ह्या घरात भाकऱ्या थापत बसले असते व्हय रे?”

सामान फार लागलं नाही. स्टीलच्या ताटात ओलसर पांढरं फडकं, म्हणजे मणी घरंगळत नाहीत. बर्फाचे दोन जुने ट्रे, खणाखणाला नंबर. कोल्हापूरच्या गुजरीतून, म्हणजे सराफ बाजारातून, घेतलेलं दहापट दिसणारं सराफी भिंग आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा. भिंगानं खरं काम केलं. काट्यानं आम्हाला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं, ते पुढं येईलच.

आधी पहिली चूक, आणि ती माझी. डबा मळका म्हणून मी सगळे मणी गरम पाण्यात साबण घालून भिजत टाकले. तासाभरानं पाणी तांबूस, आणि सासूबाईंच्या जुन्या बोरमाळेतले तीन मणी चेपून बसलेले, भोकातून काहीतरी चिकट बाहेर आलेलं. सोन्याचे नव्हते, मुलामाच होता, म्हणून घरात शांतता राहिली. ते चेपलेले मणी घेऊन आम्ही गुजरीत दागिने गाठवून देणाऱ्या एका वयस्कर पटवेकऱ्यांकडे गेलो. त्यांनी एक मणी नखावर घेतला आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “वैनी, आत लाख हाय की. गरम पाण्यात लाख ऱ्हाईल व्हय?” बोरमाळ काय, साज काय, वरचा पत्रा कागदासारखा पातळ असतो. त्याला आकार देते आतली लाख, आणि लाख उन्हाळ्यात गाडीच्या काचेमागंसुद्धा मऊ पडते. हे कोल्हापुरात जन्म काढून मला चाळिशीत कळलं.

त्याच पटवेकऱ्यांनी बारक्याला कामाला लावलं. तो त्यांना एक मणी दाखवून “हा कसला?” विचारत होता. ते म्हणाले, “पैलवान, तोंडाकडं काय बघतोस? वेज बघ. रंग कुणीबी लावतंय.” वेज म्हणजे भोक. आठ महिन्यांत आम्ही जे काही शिकलो ते बहुतेक या एका वाक्यातून शिकलो.

काचेचे मणी तीन रीतींनी होतात. पुस्तकी शब्द बारक्याच्या डोक्यात बसेनात, म्हणून त्यानं आपली नावं दिली : शेवई, भोवरा आणि आप्पे.

शेवईचा मणी म्हणजे ओढीव. तापलेल्या काचेचा पोकळ गोळा ओढत ओढत लांब नळी करायची, गार झाली की तिचे बारीक तुकडे पाडायचे. तुकड्यांच्या धारा मोडायला ते राखेत घालून पुन्हा तापवतात. आंध्रात तिरुपतीच्या बाजूला पापानायडूपेट म्हणून गाव आहे, तिथं हे काम जुन्या पद्धतीनं चालत आलेलं आहे. अशा मण्यात हवेचे बुडबुडे असले तर ते भोकाच्या दिशेनं लांबट, तांदळाच्या कणीसारखे दिसतात. काच ओढली तसे तेही ओढले गेले. आमच्या डब्यातली बारीक रंगीत पोत जवळजवळ सगळी शेवई निघाली.

भोवऱ्याचा मणी गुंडाळीव. लोखंडी सळईवर वितळलेल्या काचेची तार गुंडाळत जायची, भोवऱ्याला जाळी गुंडाळतात तशी. इथं बुडबुडे आणि रेघा भोकाभोवती फिरतात. भोकाच्या तोंडाशी कधी कधी काचेचं शेवटचं शेपूट दिसतं, आणि भोकात राखाडी भुकटी. सळईला काच चिकटू नये म्हणून लावलेल्या लेपाची ती असते. माझ्या साबणानं ही भुकटी किती मण्यांतून धुतली गेली कोण जाणे. आता आम्ही मणी कोरड्या मऊ ब्रशनं वरून झटकतो, भोकाला हात लावत नाही. जुना दोरा अडकला असेल तर तो तसाच ठेवायचा.

आप्पे म्हणजे साच्यातले. दोन वाट्यांत दाबलेले, म्हणून कमरेला शिवण. भिंगाआधी नखाला लागते. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, अशा दाबीव मण्यांचा मोठा धंदा होता. म्हणून शिवण दिसली की बारका ‘बोहेमिया’ लिहून मोकळा व्हायचा. ते थांबवायला बराच वाद घालावा लागला. शिवणीवरून रीत कळते, गाव कळत नाही. साचा कुणीही करू शकतो.

वहीतला ३१ नंबर जरा सावकाश सांगते. ज्वारीच्या दाण्याएवढा लाल मणी. वरून बघितला तर काहीच विशेष नाही, आमच्याकडे असे वीसेक आहेत. याच्या भोकाची कड मात्र पांढरी. भिंगातून कड नीट गोल फिरवली तर लाल काचेचा पातळ थर आणि आत दुधी पांढरं पोट. बारका म्हणाला, “आई, लाल मुळा!” आतल्या पांढऱ्यामुळे वरचा लाल उजळून दिसतो, म्हणून ही युक्ती. व्हेनिसच्या कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकात असे मणी जगभर पाठवले. त्याआधीच्या लाल मण्यांचं पोट बऱ्याचदा हिरवट असायचं. आमच्या मण्यापुढं वहीत लिहिलंय : ‘लाल, पांढरं पोट, शेवई. आज्जीच्या डब्यातून.’ व्हेनिस लिहिलेलं नाही. त्यावरून दोन दिवस अबोला होता.

आता काट्याची गोष्ट. रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारात एका माणसाकडे तांबूस, मधासारख्या रंगाचा लांबट मणी दिसला. “खरा अकीक, लई जुना.” अकीक म्हणजे अ‍ॅगेट, मण्यांचा दगड. २५० रुपये. मी घेतला. घरी आम्ही शहाण्यासारखी पाण्यातली परीक्षा केली. काट्यावर पाण्याची वाटी ठेवायची, आकडा शून्यावर आणायचा, मणी दोऱ्यानं पाण्यात लोंबता सोडायचा, तळाला टेकवायचा नाही. जो आकडा येईल ते मण्याचं आकारमान. मण्याचं वजन ३.१२, पाण्यातला आकडा १.२०. भागाकार २.६. अकिकाची घनता २.६ च्या आसपासच असते. घरात शिरा झाला.

शिरा पचायच्या आत बारक्यानं भिंग लावलं. भोक पेनातल्या रिफिलीसारखं गुळगुळीत आणि सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखंच. कडेला दोन गोल बुडबुडे. दगडात बुडबुडे कुठले? आणि उजेडात धरून फिरवला तर लांबीभर पुसटशी शिवण. आप्पे! साध्या काचेची घनता अडीचच्या आसपास असते, काही काचांची त्याहून जास्त. एवढ्याशा मण्यात आणि आमच्या ओट्यावरच्या काट्यात तो फरक धरणं अवघड. अकीक आणि काच वेगळी करायला ही परीक्षा आम्ही सोडून दिली आहे.

खरा अकीक कसा असतो ते पटवेकऱ्यांनीच दाखवलं, त्यांच्याकडच्या एका जुन्या माळेत. दगडाला भोक पाडताना दोन्ही बाजूंनी पाडतात. एका बाजूनं आरपार नेलं तर पलीकडं टवका उडतो. त्यामुळे दोन्ही भोकं मध्ये भेटतात आणि तिथं बहुतेक बारीकशी पायरी राहते, क्वचित थोडी वाकडीसुद्धा. काही जुन्या मण्यांत भोक डमरूसारखं, टोकांना रुंद आणि मध्ये अरुंद. गुजरातेत खंबातला हे काम आजही चालतं. कामठ्यानं फिरणाऱ्या सामत्याच्या, म्हणजे भोक पाडायच्या हत्याराच्या, टोकाला हिऱ्याच्या दोन बारीक कण्या बसवलेल्या असतात. दगडाचा लाल रंगही पुष्कळदा भाजून आणलेला असतो. दगडातल्या लोहामुळे तो तापला की लाली चढते. बारक्याला यातलं एकच आवडलं : अकीक म्हणजे आपल्या गारगोटीच्या भाऊबंदातला. दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत तो तयार होतो. भुदरगड तालुक्यातल्या गारगोटीला कधी जायचं, हा प्रश्न मग आठवडाभर चालला.

पिवळ्या ‘अंबर’ मण्याचं लवकर आटपलं. मिठाच्या गच्च पाण्यात अंबर तरंगतं, आमचा बुडाला. अंगठ्यानं जोरात घासून वास घेतला तर औषधी, फिनेलसारखा. बेकलाइट, म्हणजे जुन्या काळचं प्लॅस्टिक. काही लोक तापलेली सुई टोचून बघा असं सांगतात. मुलांच्या हातात ते अजिबात देऊ नका. सेल्युलॉइड, म्हणजे त्याहून जुनं प्लॅस्टिक, असेल तर भस्सकन पेटतं.

सुट्टीत टाऊन हॉलच्या संग्रहालयात गेलो. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळात तिथं नांदतं गाव होतं. रोमकडून आलेली पोसायडनची ब्राँझमूर्ती ब्रह्मपुरीचीच, संग्रहालयात लोक तिच्यापुढं थांबतात. बारका तिला ओलांडून पुढं गेला. दीक्षित पुढं मण्यांचेच मोठे जाणकार झाले. अकिकावर क्षारानं पांढरी नक्षी उठवून ती भाजून पक्की करतात, त्या मण्यांवर त्यांनी १९४९ मध्ये स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आपल्या गावात खणलेल्या माणसानं मण्यांवर पुस्तक लिहिलं, एवढं ऐकून पोराची छाती फुगली. त्याला दुसरी गोष्ट लागली ती नेवाशाची. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन थरांत एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली, दोऱ्यात ओवलेली, आणि दोऱ्याचे धागेसुद्धा तांब्याच्या गंजानं जपले गेले. घरी येताना तो गप्प होता. मग म्हणाला, “तू साबण लावला असतास.”

ब्रह्मपुरीवर जाऊन खणूया का, हा प्रश्न आलाच. नाही. तिथं वस्ती आहे, आणि नसती तरी नाही. जमिनीत सापडलेल्या ठेव्याबद्दल १८७८ पासून कायदा आहे. त्याला कायद्यापेक्षा दुसरं लवकर पटलं : मणी कुठल्या थरात, कशाशेजारी होता हे गेलं, की तो आमच्या बाजारातल्या मण्याएवढाच मुका. आमचा नियम साधा आहे. घरातले, नात्यातले, विकत घेतलेले, एवढेच. प्रत्येकाबरोबर चिठ्ठी : कुणी दिला, कधी, कशात होता.

तालमीतल्या मित्रांनी मध्यंतरी “पोरींचा खेळ” म्हणून चिडवलं. त्यावर उतारा माझ्या माहेरी मिळाला. कागलकडं भावाच्या गोठ्यात बैलांच्या गळ्यातली जुनी माळ खुंटीला होती. निळे मणी, बोराहून मोठे, सगळे भोवरा. भावानं सुटलेले दोन दिले. भिंग लावलं आणि दोघंही बघत बसलो. भोक गोल नव्हतंच. एका बाजूला ते खाली उतरलेलं होतं, विहिरीच्या काठावर दोरानं खाच पडते तसं. खाचेचा तळ गुळगुळीत आणि चकचकीत, उरलेली कड मात्र खरबरीत. म्हणजे मणी वर्षानुवर्षं एकाच बाजूनं लोंबत होता. माती चोळून, आम्ल लावून मण्याला म्हातारं करणारे आहेत, पण त्यांचा मणी सगळीकडून सारखाच म्हातारा दिसतो.

दोन मण्यांच्या खाचा मात्र जुळत नाहीत. एकाची खोल, दुसऱ्याची उथळ. बारक्याचं म्हणणं, खोल खाचेचा मणी माळेच्या मध्यभागी होता, कारण भार तिथं जास्त. मला वाटतं, उथळ खाचेचा नंतर भरलेला आहे. दोघांपैकी कोण बरोबर ते उरलेली माळ बघितल्याशिवाय कळणार नाही. भावानं बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, बोलावलंय. अट एकच, माळ तोडायची नाही आणि बैल सजवायच्या आत परत खुंटीला. बारक्यानं माळेतल्या मण्यांसाठी वहीत आत्ताच चाळीस ओळी आखून ठेवल्यात.

बाजारातला तो २५० रुपयांचा मणीही ट्रेमध्ये आहे, नंबर ८८. चिठ्ठीवर बारक्याच्या अक्षरात : ‘अकीक नाही. आप्पे. पैसे आईचे.’