आमची वाटचाल : बँडच्या सरावातून उभा राहिलेला स्टुडिओ

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका गाळ्यात आमच्या दोन सराव-खोल्या आणि रेकॉर्डिंगची एक लहान खोली आहे. खोली, ड्रमकिट, अँप (गिटारचा आवाज वाढवणारा अँप्लिफायर) आणि माइक तासाच्या भाड्याने देणे हा आमचा मुख्य व्यवसाय असून कार्यक्रमांना ध्वनियंत्रणा पुरवणे हा त्याला धरून आलेला जोडधंदा आहे. पूर्वी आमचा एक बँड होता आणि त्याने आम्हाला कधीही नियमित उत्पन्न दिले नाही. मात्र त्या बँडला जे जे मिळत नव्हते, तेच आज आम्ही विकतो.

बँडमध्ये आम्ही चौघे होतो : दोघे नौपाड्यातले, बास वाजवणारा ऐरोलीचा आणि ड्रमर कोपरखैरण्याचा. ठाणे-वाशी लोकल २००४ मध्ये सुरू झाली नसती तर हा बँड जमलाच नसता, कारण स्नेअर ड्रम आणि सिंबल म्हणजे ड्रमकिटच्या धातूच्या थाळ्या यांच्या पिशव्या घेऊन बस बदलत येणे ड्रमरला दर आठवड्याला परवडणारे नव्हते. मराठी शब्द, स्वतःच्या चाली आणि इलेक्ट्रिक गिटार असा आमचा प्रकार होता. त्या काळी ठाण्यात वादकाला काम नव्हते असे मुळीच नाही. गणेशोत्सवात आणि नवरात्रात ऑर्केस्ट्रांच्या तारखा भरलेल्या असत आणि तिथल्या वादकाला प्रत्येक कार्यक्रमाची ठरलेली नाइट, म्हणजे एका रात्रीचे मानधन, मिळे. आम्हाला मात्र आयोजक लोकप्रिय गाणी वाजवायला सांगत आणि त्यात आपली एक-दोन बसवून घ्या म्हणत. मुंबईत धोबी तलावचे रंगभवन हे रॉकचे हक्काचे खुले नाट्यगृह होते, परंतु शेजारी महाविद्यालय आणि रुग्णालय असल्याने शांतता क्षेत्राचे नियम लागू होऊन तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम आम्ही तयार होईपर्यंत थांबले होते. कॉलेजचे महोत्सव तेवढे उरले, आणि तिथे मानधन म्हणून बहुधा प्रवासखर्च मिळे.

खरी अडचण रंगमंचाची नव्हती, सरावाची होती. इमारतीतल्या फ्लॅटमध्ये ड्रम वाजू लागले की खालच्या मजल्यावरचे काका वर येणारच, आणि त्यांची तक्रार रास्तच असे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, तर बंद खोलीत जोरात वाजवलेले ड्रमकिट सहज १००च्या वर जाते. त्यावर अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा उपाय आजही सुचवला जातो. त्या ट्रेने खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, पण आवाज बाहेर जायचा थांबत नाही, कारण तो अडवायला वजन लागते आणि ट्रेला वजनच नसते. शिवाय बास ड्रमचा ठोका हवेपेक्षा लादीतून अधिक जातो, त्यामुळे भिंतींवर कितीही खर्च केला तरी जमीन वेगळी केल्याशिवाय काकांना झोप लागत नाही.

गाळा घेतला तो यामुळेच. औद्योगिक क्षेत्राची मर्यादा दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल असल्याने तिथे बांधकामाला थोडी सवड मिळते. आम्ही खोलीच्या आत खोली बांधली : रबराच्या ठोकळ्यांवर उचललेली जमीन, मूळ भिंतीला न टेकणारी जिप्सम बोर्डाची दुहेरी भिंत, मधल्या पोकळीत आवाज शोषणारे रॉकवूल आणि एकामागोमाग दोन दारे. सर्वाधिक डोकेदुखी झाली ती एसीची. आवाजासाठी प्रत्येक फट बुजवली की आतल्या माणसांना हवा उरत नाही, आणि हवेसाठी भोक ठेवले की आवाज तिथूनच निसटतो. अखेर आतून अस्तर लावलेला, वळणे घेत जाणारा डक्ट करावा लागला आणि त्याचा खर्च एका चांगल्या ड्रमकिटपेक्षा अधिक आला. एवढे करूनही शेजारच्या कारखान्यातला पॉवर प्रेस गायकाच्या माइकमध्ये धप्प असा उमटत असे. इस्टेटीतले बहुतेक कारखाने शुक्रवारी बंद असतात, म्हणून गायकाच्या आवाजाचे नाजूक रेकॉर्डिंग आम्ही त्याच दिवशी ठेवू लागलो. नव्या ग्राहकांना हे वेळापत्रक विक्षिप्त वाटते.

बँडमध्ये भांडण झाले नाही. बासवाल्याची बंगळुरूला बदली झाली, ड्रमरला महापे येथे रात्रपाळी लागली आणि पुढच्या सरावाची तारीख ठरेनाशी झाली. बँडचे स्पीकर, मिक्सर आणि स्टँड हेच मग स्टुडिओचे पहिले भांडवल झाले. मार्च २०२० पासूनचे टाळेबंदीचे महिने आम्ही केवळ भाडे भरत काढले. त्या काळात गिटार आणि गाणे घरीच रेकॉर्ड करायला मुले शिकली, तेव्हा आमची गरज संपली असे वाटले होते. परंतु ड्रम घरी रेकॉर्ड करता येत नाहीत, आणि आता रेकॉर्डिंगचे अर्धेअधिक काम फक्त ड्रमचे असते.

आमचे काही नियम बँडच्या दिवसांतूनच आले आहेत. भाड्याचा तास दार उघडल्यापासून मोजला जात नाही, वाद्ये जुळल्यावर सुरू होतो, कारण आमच्या वेळी अर्धा तास केबली शोधण्यातच जाई आणि पैसे पूर्ण द्यावे लागत. सिंबल ड्रमरने स्वतःचे आणावेत असा आमचा आग्रह असतो. स्टुडिओचे सिंबल कोणीच जपून वाजवत नाही. ढोल-ताशा पथकांना आम्ही नम्रपणे नाही म्हणतो, कारण ते वादन मैदानाचे आहे आणि आमची भिंत त्यापुढे टिकणार नाही. स्वतःची गाणी बसवणाऱ्या बँडना सोमवार ते गुरुवार दुपारी निम्मा दर आहे. गाणे स्वतःचे आहे की नाही याची आम्ही परीक्षा घेत नाही. काउंटरवरच्या मुलाला ते दहा मिनिटांत कळते. परीक्षांच्या हंगामात या दुपारी रिकाम्या पडतात आणि लग्नाच्या संगीताची तयारी करणारी मंडळी त्या पूर्ण दराने घेतात. त्या पैशांतून गेल्या वर्षी दुसऱ्या खोलीचा बास अँप बदलला.