एकाच तारखेचे शेजारी

दिनविशेषाचं सदर हाती आलं की माणूस आजची तारीख बाजूला ठेवून आधी स्वतःची काढतो. आपल्या दिवशी आणखी कोण कोण जन्मलं हे बघायला जीव जरा उतावीळच झालेला असतो. एखादा शास्त्रज्ञ किंवा गायक सापडला की छाती उगाच दोन इंच फुगते. त्याच्या कर्तृत्वात जणू आपलाही थोडा हातभार. हुकूमशहा निघाला तर नजर निमूटपणे खालच्या ओळीवर सरकते. आणि ओळखीचं कुणीच नसेल, तर सदर लिहिणाऱ्याच्या वाचनाबद्दल शंका घ्यायला आपण मोकळे.

रेल्वेच्या आरक्षणात परके प्रवासी शेजारी येऊन बसावेत, तशी या सदरात माणसं आणि घटना बसलेल्या असतात. १४ एप्रिल घ्या. १८९१ साली बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म. १८६५ साली याच रात्री अब्राहम लिंकनवर गोळी झाडली गेली. १९१२ साली टायटॅनिक हिमनगावर आदळली. १९४४ साली मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला, आणि त्यात प्राण गमावलेल्या जवानांच्या आठवणीत १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन झाला. यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. त्यातही लिंकन गेले ते दुसऱ्या दिवशी सकाळी आणि टायटॅनिक बुडाली तीही मध्यरात्र उलटून गेल्यावर. म्हणजे हे दोघं आजच्या पानावर घ्यायचे की उद्याच्या, हे सर्वस्वी संपादकाच्या मर्जीवर.

सगळ्या ओळी एकाच टायपात छापल्यामुळे एक गोष्ट लक्षात येत नाही. त्या ओळी तिथे एकाच वेगाने पोचलेल्या नसतात. मोठ्या माणसाचा मृत्यू त्याच दिवशी बातमी होतो. जन्माची बातमी व्हायला मात्र चाळीस-पन्नास वर्षं जावी लागतात, तीही झाली तर. १ ऑगस्ट १९२० रोजी मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी देह ठेवला. त्याच दिवशी असहकाराच्या चळवळीला सुरुवात झाली. देशाला दुसरं काही सुचायची सोय नव्हती. आणि त्याच दिवशी वाटेगावात एका मातंग कुटुंबात एक मूल जन्मलं. त्याची दखल घ्यायला कुणाला सवड नव्हती, आणि तसं कारणही नव्हतं. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेलं ते मूल पुढे अण्णा भाऊ साठे म्हणून कथा-कादंबऱ्या आणि पोवाडे लिहिणार होतं. आता दर १ ऑगस्टला एकाची पुण्यतिथी आणि दुसऱ्याची जयंती एकाच पानावर येते, आणि वाचणाऱ्याला वाटतं, केवढा ऐतिहासिक दिवस! तो ऐतिहासिक होताच. पण त्यातला अर्धा इतिहास त्या दिवशी कुणालाच दिसलेला नव्हता.

अर्थात मेल्यावर तरी त्याच दिवशी दखल घेतली जाईल, याचीही हमी नाही. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी ऑल्डस हक्स्ले आणि सी. एस. लुइस हे दोन नामवंत लेखक वारले. एरवी वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने दिले असते. पण त्याच दिवशी डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली.

जुळ्या तारखांमध्ये सगळ्यांची आवडती जोडी म्हणजे चार्ल्स डार्विन आणि लिंकन. दोघंही १२ फेब्रुवारी १८०९ चे. तारीखही तीच आणि वर्षही तेच. एकाचा जन्म इंग्लंडमधल्या सुखवस्तू डॉक्टरच्या घरी, दुसऱ्याचा केंटकीतल्या ओंडक्यांच्या झोपडीत. जन्मतारखेवरून भविष्य सांगणाऱ्यांची इथे जरा पंचाईत होते. पण साम्य शोधायला बसलं की तेही मिळतंच. दोघांचीही आई ते आठ-नऊ वर्षांचे असताना गेली. दोघांनाही गुलामगिरीचा तिटकारा होता. माझं मत विचाराल तर कुठलीही दोन मोठी माणसं घ्या आणि तासभर चरित्रं चाळा, एवढी साम्यं सहज हाती लागतील. तारीख फक्त शोधायला निमित्त देते.

योगायोगाकडे बघायच्या दोन तऱ्हा मला फार आवडतात. स्टीफन हॉकिंग यांचा जन्म ८ जानेवारी १९४२ चा, म्हणजे गॅलिलिओच्या मृत्यूला बरोबर ३०० वर्षं झाली त्या दिवशीचा. हे त्यांना ठाऊक होतं आणि सांगायला आवडतही होतं. पण लगोलग ते हेही सांगत की त्या दिवशी जगात आणखी अंदाजे दोन लाख मुलं जन्मली असतील. पुढे १४ मार्च २०१८ ला, म्हणजे नेमके आइन्स्टाइनच्या जन्मदिवशी, ते गेले. त्यावर असाच एखादा खुलासा करायला आता ते नव्हते.

दुसरी तऱ्हा श्री अरविंदांची. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १८७२ चा. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी त्यांना ७५ वर्षं पूर्ण झाली. त्या प्रसंगी दिलेल्या संदेशात त्यांनी म्हटलं की, आपण याला निव्वळ योगायोग मानत नाही. आपल्या कार्यावर ईश्वरी शक्तीने उमटवलेली ती मोहोर आहे. तारीख ठरवणारे माउंटबॅटन यांनी मात्र नंतर वेगळंच कारण सांगितलं. जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षं होत होती. म्हणजे १५ ऑगस्टच्या दोन नोंदींमध्ये चक्क कार्यकारणभाव निघाला. असं क्वचित होतं. एरवी सगळा भार संख्येवरच असतो. एका खोलीत २३ माणसं जमली तरी त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त भरते. मग इतिहासातल्या हजारो नामवंतांनी ३६६ तारखांमध्ये एकमेकांना टाळायचं तरी कसं?

त्यात पुन्हा तारीख ही चीज आपण समजतो तितकी पक्की नाही. शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस हे दोघंही २३ एप्रिल १६१६ रोजी गेले, असं हौसेने सांगितलं जातं आणि जागतिक पुस्तक दिनही त्याच तारखेला असतो. पण तेव्हा स्पेनने नवं ग्रेगोरियन कॅलेंडर स्वीकारलं होतं आणि इंग्लंड जुनंच धरून बसलं होतं. दोन्हींत दहा दिवसांचा फरक. शिवाय सर्व्हांटिस वारला आदल्या दिवशी; २३ ला त्याचं दफन झालं. न्यूटनचीही तीच कथा. गॅलिलिओ गेला त्याच वर्षी, १६४२ च्या नाताळात, न्यूटन जन्मला म्हणतात, पण गॅलिलिओची तारीख ज्या कॅलेंडरातली, त्यात न्यूटनची जन्मतारीख ४ जानेवारी १६४३ पडते. दोन कॅलेंडरांची सरमिसळ केली की योगायोग जमतो, आणि आपण ती खुशाल करतो.

एक जोडी मात्र कुठलंही गणित मांडलं तरी मला सोडवत नाही. मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ चे. चार वर्षांनी त्यांची तारीख यायला हवी होती, पण १९०० ला शंभराने भाग जातो आणि चारशेने जात नाही, म्हणून ते लीप वर्ष नव्हतं. त्यामुळे त्यांच्या तारखेचा पहिला वाढदिवस उगवला तो १९०४ साली, आठव्या वर्षी. नेमक्या त्याच दिवशी, २९ फेब्रुवारी १९०४ ला, रुक्मिणीदेवी अरुंडेल जन्मल्या. पुढे ‘कलाक्षेत्र’ ही संस्था उभारून त्यांनी भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९७७ साली मोरारजी पंतप्रधान झाले आणि राष्ट्रपतिपदासाठी त्यांनी रुक्मिणीदेवींना विचारलं. बाईंनी नकार दिला. त्या बोलण्यात वाढदिवसाचा विषय निघाला होता का, एवढंच मला विचारायचं होतं.