पिवळी टेप

मी इंदूरला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, दुकान बाबांचं, आता मी बघतो. ही गोष्ट मागच्या पावसाळ्यातली, आणि यात शहाणपणा माझा कमी आणि फजिती जास्त आहे हे आधीच सांगून टाकतो.

रामबागेतले एक काका आहेत, रिटायर्ड, बाबांच्या काळापासूनचे गिऱ्हाईक. त्यांची जुनी हॅचबॅक, दर सोमवारी काकूंना घेऊन उज्जैनला महाकालला जायचं, संध्याकाळी उशिरा परत. जूनमधे एकदा आले, म्हणे सकाळी सेल्फ उचलतच नाही रे, टिक टिक करून गप्प. मी मीटर लावला, बॅटरी 11.9 व्होल्ट, जंप देऊन गाडी चालू केली तर टर्मिनलवर 14.1. म्हणजे अल्टरनेटर, इंजिनवर फिरून वीज बनवणारा, बॅटरी चार्ज करतोय, डॅशबोर्डवर लाल बॅटरीचा दिवा पण येत नाही. बॅटरी तीन वर्षांची झालेली, मी बिनधास्त सांगितलं, काका बॅटरी गेली, बदला. बदलली. जुनी एक्सचेंजमधे मीच घेतली.

पंधरा दिवसांनी परत तेच. आता नवीन बॅटरीला तर दोष देता येत नाही. गाडी बंद करून, दारं लॉक करून, मायनस काढून मधे मीटर टाकून करंट बघितला, 25 मिलीअँपिअर, पन्नासच्या आत म्हणजे रात्रभर काही खात नाही. अल्टरनेटरमधला डायोड लीक असता तर इथेच सापडला असता. मग अल्टरनेटरच उतरवला, रिवाइंडिंगवाल्याकडे बेंचवर लावला तर लोड देऊनही मस्त 14.4. तरीपण मनाचं समाधान म्हणून कार्बन बदलले, बेल्ट जरा ओढला आणि गाडी दिली. काका काही बोलले नाहीत, पैसे दिले. तेच जास्त लागतं हो, कोणी भांडलं तर बरं वाटतं.

मग तो सोमवार. रात्री साडेनऊला फोन, सांवेरच्या अलीकडे चहाच्या टपरीवर थांबलो होतो आता गाडी उठत नाही, काकू बरोबर, आणि पाऊस नुसता कोसळतोय. मी म्हणलं काका हलू नका, आलोच. मित्राची गाडी घेतली, जंपर केबल, मीटर, टॉर्च, निघालो.

जंप दिला, गाडी लगेच चालू. पण या वेळी मी बोनट लावला नाही. डोक्यात एकदम आलं की आपण दोन्ही वेळा दुकानात दुपारी टेस्ट केली, सगळं बंद ठेवून, आणि काका गाडी चालवतात रात्री पावसात. त्यांना सांगितलं, काका येताना जे जे चालू होतं ते सगळं चालू करा. हेडलाइट, वायपर, एसी, ब्लोअर, मागच्या काचेचा डीफॉगर. मीटर बॅटरीवर ठेवला, 12.3. एक्सलेटर दिला, 12.4. म्हणजे चार्जिंग सोडा, बॅटरी उलट स्वतःचं देतेय, असंच उज्जैनपासून इथपर्यंत चालवल्यावर चहाला थांबून गाडी बंद केली की काय होणार.

तेवढ्यात टपरीवरचा एक ट्रकवाला भिया पुढे आला, म्हणे प्लस काढून बघा, गाडी बंद पडली तर डायनमो गेला. आणि खरंच हात घालायला निघाला! मी ओरडलोच. ही डायनमोच्या जमान्यातली ट्रिक, अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरी काढली की व्होल्टेज एकदम उसळतं, डायोड जातात, नशीब वाईट असेल तर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर पण, आणि मग बिलाचा आकडा ऐकून माणूस खाली बसतो.

मग काळी पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर, लाल त्याच्या बी प्लसच्या बोल्टवर, जिथून वीज बॅटरीकडे जाते. 14.4! अल्टरनेटर बिचारा इमानदारीत देतोय, बॅटरीपर्यंत पोचत नाही, म्हणूनच लाल दिवा येत नव्हता, त्याच्या दृष्टीने सगळं ठीकच. एक पिन बी प्लसवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर, 2.0 व्होल्टचा ड्रॉप, म्हणजे तेवढं व्होल्टेज वाटेतच जातंय. तिथे पाव व्होल्टसुद्धा दिसायला नको. अर्थिंगच्या बाजूला बघितलं, 0.06, स्वच्छ. आता वायरच उरली. लगला, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीला, बोट लावलं आणि चटका बसला. हिशोब केला तर तीसेक अँपिअर गुणिले दोन व्होल्ट, साठ वॅट, म्हणजे सोल्डरिंगच्या कावियासारखं त्या एका जागी तापत होतं. दिवसा लोड नसताना करंटच कमी, म्हणून ड्रॉप दिसायचा नाही. नट मी दोनदा कसलेला, टाइट होता, पण रोग लगच्या आत.

खात्री म्हणून जंपरची लाल केबल बी प्लसवरून सरळ बॅटरीच्या प्लसवर धरली, मीटर 12.3 वरून चढत 14.1 आणि समोरच्या झाडावर हेडलाइटचा उजेड पांढरा झाला. फ्यूज बायपास होतो, त्यामुळे तेवढ्यापुरतंच. काका छत्री धरून उभे, म्हणाले, अरे वा.

इंजिन बंद करून मायनस काढला आणि टॉर्चखाली लगवरची टेप सोलली. आत तार हिरवी पडलेली, नखाने खरवडली तर भुगा, सात-आठ धागे जिवंत. लग पकडीने दाबलेला, क्रिंपिंग टूलने नाही. आणि वर टेप पिवळी, शेवटी टोक दुमडून दाबलेलं. शहरात सगळे काळी टेप वापरतात. पिवळी आमच्याकडे असते, आणि टोक दुमडायची सवय माझी. दोन वर्षांपूर्वी बेअरिंगसाठी हाच अल्टरनेटर मी उतरवलेला, तेव्हा लग तुटला असणार, पोऱ्या नवीन टूल घरी विसरलेला, मी म्हणलं आत्ता पकडीने दाबू.

चांगली तार लागेपर्यंत कापून तात्पुरता लग बसवला, जंप दिला, काकांच्या मागे मागे इंदूरपर्यंत आलो. दुसऱ्या दिवशी पूर्ण वायर बदलली, नीट क्रिंप केली, वर हीटश्रिंक. फुल लोडवर ड्रॉप 0.15. टेप कोणाची ते मी काकांना सांगून टाकलं, बॅटरीचे पैसे पुढे केले. ते पैशाकडे बघेचनात, म्हणाले, मग ती आपली जुनी बॅटरी चांगली होती का रे?

म्हणलं, होती काका. भंगारात गेली.

काकू मागून म्हणाल्या, याला आधी पोहे द्या, रात्रीपासून उपाशी दिसतोय. पैसे मी टेबलावर बशीखाली ठेवून आलो.