फ्लॅट क्रमांक १२/४/२०२५

थकबाकीची पत्रं पाकिटांत घालता घालता शिपाईमामा थांबले. "साहेब, बारा-चार-दोन हजार पंचवीस हा फ्लॅट कुठल्या बिल्डिंगमधला?"

कोथरूडच्या एका मोठ्या सोसायटीचं कार्यालय. कार्यालयीन सहायकाचं काम शिकायला आलेल्या दोन मुली माझ्या हाताखाली होत्या. मराठी ३० शब्दांचं टायपिंगचं प्रमाणपत्र दोघींकडे, हात सफाईदार. मेल मर्ज मात्र नवं होतं: सभासदांची यादी एक्सेलमध्ये, पत्राचा मसुदा वर्डमध्ये, आणि यादीतली नावं-आकडे मसुद्यात आपोआप बसून प्रत्येकाचं वेगळं पत्र निघतं.

फ्लॅट होता ४-१२, म्हणजे चौथी इमारत, बारावा फ्लॅट. एक्सेलने ते ४ डिसेंबर समजून चालू वर्ष जोडलं आणि वर्डने अमेरिकी रीतीने महिना आधी छापला. एकीने लगेच रकान्याचं फॉरमॅट 'टेक्स्ट' केलं, तर तिथे ४५९९५ उमटलं. एक्सेल तारीख साठवतो ती १९०० सालापासून मोजलेल्या दिवसांच्या आकड्यात. तुम्ही टाइप केलेलं ४-१२ आत उरतच नाही. त्यामुळे रकाना आधी टेक्स्ट करायचा, मग भरायचा. नंतर सुचलं तर सगळे नंबर पुन्हा टाइप करा.

ही चूक निदान डोळ्यांत खुपते. मला धास्ती होती ती शेजारच्या 'शेवटचा भरणा' या रकान्याची. ०५/०७/२०२५ चं पत्रात ७/५/२०२५ झालं होतं. सभासद ते ७ मे असंच वाचणार. १३ तारखेपासून पुढचं काही उलटलं तर लगेच कळतं, कारण तेरावा महिना नाही. १ ते १२ मधलं गुपचूप निसटतं. इथे फरक ५९ दिवसांचा. थकबाकीवर वर्षाला २१ टक्के सरळ व्याज धरलं तर १०,००० रुपयांवर सुमारे ३३९ रुपये. एवढ्यावर पुण्यात माणूस पावत्यांची फाइल घेऊन कार्यालयात हजर होतो, आणि बरोबरच करतो.

वर्डमध्ये ऑल्ट आणि एफ९ दाबून फील्ड कोडमध्ये, म्हणजे यादीतला मजकूर पत्रात आणणाऱ्या खुणेत, तारखेचा साचा घालता येतो. तिथे महिन्याचा एम कॅपिटल हवा. छोटा दिला की वर्ड मिनिटं छापतो. माझी पसंती एक्सेलमध्येच टेक्स्ट फॉर्म्युल्याने तारखेचा साधा मजकूर करणारा वेगळा रकाना करून तोच पत्रात जोडण्याला. मसुदा दुसऱ्या कुणी नव्याने केला तरी तारीख हलत नाही.

सगळी पत्रं एकदम प्रिंटरला पाठवायची नाहीत. आधी 'एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स'ने वेगळी फाइल काढायची. त्यातलं पहिलं पत्र, शेवटचं, सर्वांत लांब नावाचं आणि थकबाकीत रुपयांबरोबर पैसेही असलेलं एक, अशी चार मूळ खतावणीशी, म्हणजे सभासदांच्या हिशेबाच्या वहीशी, ताडून बघायची, एक्सेलच्या यादीशी नाही. यादीच चुकली असेल तर तिच्याशी ताडून काय मिळणार?

दुपारी नवी पत्रं निघाली. प्रत्येकाला जावक क्रमांक आणि तारीख, कार्यालयात ठेवायच्या स्थळप्रतीवर सचिवांची सही, नोंदवहीत नाव, विषय, सोबतची कागदपत्रं, पाठवण्याची रीत. स्पीड पोस्टची पावती त्या क्रमांकासमोरच चिकटवायला सांगितली. ती थर्मल कागदाची असते, काही महिन्यांत अक्षरं उडतात. म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढून तीही सोबत लावायची.